गढूळ वितळणारे स्फटिक

"मग यात घाण आहे कुठे, बाई?"

प्रद्युम्नने आपली बाटली बेहेरेबाईंच्या टेबलावर ठेवली. आत पांढरेशुभ्र स्फटिक. कोलेस्टेरॉलला जायफळातलं स्निग्धाम्ल जोडून त्याने स्वतः केलेले. शुद्धता तपासायच्या प्लेटवर एकच ठिपका, आयआरच्या आलेखातही बोट ठेवायला जागा नाही. तरी मेले सरळ वितळतील तर शपथ! आधी दुधासारखे गढूळ व्हायचे, आणखी तापवल्यावर कुठे निवळायचे.

"शुद्ध पदार्थ एकदाच वितळतो ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. मीसुद्धा..."

तो अडखळला.

बाई काठी टेकत कपाटाशी गेल्या. त्यांनी दुसरी बाटली काढली. प्रद्युम्नने ती लगेच ओळखली.

याच प्रयोगशाळेतल्या रेवती खोतची बाटली. गेल्या वर्षी बाई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होत्या आणि प्रयोगशाळा प्रद्युम्नच्या ताब्यात. रेवतीने घरच्या वाडीतली जायफळं आणून हाच पदार्थ केला होता. तोही असाच गढूळ झाला. "हात स्वच्छ नाहीत तुझे," हा सगळ्यांदेखत म्हणाला, आणि बाटलीवर ठसठशीत अक्षरात लिहून मोकळा झाला : अशुद्ध. बिचारीने पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून पाहिले. मग एक दिवस ॲप्रन खुंटीला अडकवून गावी गेली, ती आलीच नाही.

बाईंनी दोन्ही बाटल्यांतले कण दोन बारीक नळ्यांत भरले. नळ्या शेजारी शेजारी तापत ठेवल्या.

"बघ."

दोन्ही एकदमच गढुळल्या. एकदमच निवळल्या. निवताना दोन्हींत तीच निळसर झाक चमकून गेली.

"यातली तुझी कोणती?"

तो दोन्ही नळ्यांवर वाकून पाहू लागला.

"हे दोन टप्प्यांतच वितळतं रे. शुद्ध असलं की असंच."

नळ्यांवरची नजर त्याला उचलवेना. एका शब्दाने आपण एका चांगल्या मुलीचं शिक्षण मोडलं, आणि तेही चुकीच्या शब्दाने.

"मी तिला फोन करतो, बाई. पाया पडून परत बोलावतो."

"कर."

"येईल ती?"

बाईंनी त्याची स्फटिकांची बाटली, एक कोरी चिठ्ठी आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"आधी यावर चिठ्ठी लाव."

"काय लिहू?"

"तिच्या बाटलीवर लिहिलंस तेच."