अध्यक्षांची लाकडं

स्मशानभूमीच्या वखारीत लाकूड फोडायचं हायड्रॉलिक यंत्र आलं. त्याला पाचर कोणती बसवायची, हे ठरवायला समितीचे अध्यक्ष रावसाहेब पोळ जातीनं आले. खुर्ची त्यांनी घरूनच आणवली होती. दुसऱ्याच्या खुर्चीत ते बसत नसत.

"चार पात्यांची बसवा. एका दाबात चार तुकडे!" त्यांनी फर्मावलं.

तीस वर्षं चितेची लाकडं फोडणारा गेनबा चाचरत म्हणाला, "साहेब, एकाच पात्याची बरी. बारीक लाकूड भसकन जळून जातं, माणूस अर्धवट राहतो."

"मेलेल्याला काय कळतंय? लाकूड ते लाकूड!"

एकदा अशाच अर्धवट जळालेल्या बापाच्या चितेपुढे उभी राहिलेली पोरं गेनबाला आठवली. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन त्यानं बाभळीचा जाड ओंडका पुढे ओढला.

"आता हे कशाला?"

"गावाला बारीक चालेल, साहेब," गेनबा अदबीनं म्हणाला. "आपल्यापुरती जाड फोडून वेगळी ठेवतो. आपली खुर्चीसुद्धा वेगळी असते."

रावसाहेबांची नजर त्या ओंडक्यावरून आपल्या खुर्चीकडे गेली. मग उठून त्यांनी चार पात्यांची पाचर स्वतःच्या हातानं खोक्यात परत ठेवली.

"सगळ्यांना सारखंच लाकूड," ते हळूच म्हणाले. "एका पात्याची बसव."