न लावायचं फाटक

ऑस्ट्रेलियातलं मलूरा गाव संपतं तिथे माळावर एक लाकडी फाटक उभं आहे. आजूबाजूला कुंपणाची काडी नाही. नुसतं फाटक, तेही सताड उघडं आणि खाली दगड लावलेलं. पाहुणे हमखास हसतात, कुणी मुद्दाम वळसा घालून पलीकडे जाऊन दाखवतो. गाव दाखवणाऱ्या म्हाताऱ्या एनिडबाई त्यांना हसू देतात. मग सांगायला लागतात.

इंग्रजांनी वसवलेल्या या गावात फार पूर्वी एकदा सलग तिसरं वर्ष कोरडं गेलं होतं, म्हणे. ओढा आटला, विहिरींच्या तळाशी चिखल उरला. पाणी होतं ते फाटकाच्या अलीकडे, गावाच्या बाजूच्या एका डोहात. पलीकडचा माळ आणि मधलं कुंपण एका बड्या मेंढीवाल्याचं. गावच्या सगळ्या दुभत्या गाई जेकब ट्रेगिअर चारायला न्यायचा. गाई जगल्या तरच गावातली पोरं जगणार होती. त्या दिवशी गवताच्या शोधात लांब जाताना त्याने फाटक उघडून दगड लावला आणि बायकोला, हॅनाला, सांगितलं, "येताना गुरं तहानेने वेडी झालेली असतील. फाटक उघडं असू दे, एवढं बघ."

दुपारी हॅना पाणी भरायला आली, तर फाटक बंद. कुणा वाटसरूने चांगुलपणानेच लावलं असावं, असं सांगतात. या मुलखाचा रिवाज मात्र असा, की फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. हॅनाने एकदा तो मोडला होता. तेव्हा मेंढ्यांचे कळप एकमेकांत मिसळले आणि सगळ्या गावाने तिला फाडून खाल्लं. जेकबनेच बेत बदलला असेल, तो वरच्या वाटेने येईल, अशी तिने मनाची समजूत घातली. कडीपर्यंत गेलेला हात मागे घेतला.

गुरांना पाण्याचा वास लागला तेव्हा ती डोहाशी होती. आधी धूळ दिसली, मग हंबरणं ऐकू आलं. ती धावत आली. फाटक गुरांच्या बाजूला उघडणारं, आणि सगळा कळप त्यावर येऊन आदळलेला. ते उघडायला पुढे धावलेला जेकब मधे सापडला होता. हॅनाने कडी काढली, जीव खाऊन ढकललं, पण फाटक तसूभर हललं नाही. फळ्यांमधून त्याचा हात तेवढा तिच्या हातात आला.

"उघड ना गं," तो म्हणाला.

"उघडलंय रे," ती म्हणत राहिली, "उघडलंय."

शेवटी बाजूचं कुंपण मोडलं आणि गुरं पाण्याला लागली. गाई वाचल्या, पोरंही जगली. तिच्या हातातला हात मात्र केव्हाच सैल पडला होता.

मेंढीवाल्याची माणसं कुंपण सांधायला आली तेव्हा हॅना वाटेत उभी राहिली. कुंपण दुसरीकडे कुठेही घाला, पण माझ्या जिवात जीव आहे तोवर हे फाटक कुणी लावायचं नाही, असं तिने बजावलं. त्यांनी कुंपण मागे नेलं. या फाटकाला वाळवी लागत नाही, असंही म्हणतात. एनिडबाईंनी स्वतः त्याच्या फळ्या बदलताना पाहिल्यात, पण ते त्या सगळं सांगून झाल्यावर सांगतात.

आजही मलूरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की घरची माणसं 'लवकर ये' म्हणत नाहीत. 'फाटक उघडं आहे,' एवढंच म्हणतात.