जांभळी फुली

“आणि बाकीच्या अकराजणी कुठं हायत?” धुरपाबाईनं विचारलं.

“वांझ निघाल्या,” मी म्हणालो. “खाटकाला दिल्या.”

“अकराच्या अकरा?”

“हो.”

ती माझ्यामागून आत आली.

शेडमध्ये बारावी मादी उभी होती. पांढरी, लांब अंगाची डुकरीण. तिच्या पाठीवर मी सकाळीच जखमेला लावायच्या जांभळ्या औषधानं फुली मारली होती. दुपारी खाटकाचा टेम्पो येणार होता. माझी बोटंही जांभळी झाली होती.

बत्तीस वर्षं मी पशुवैद्यक महाविद्यालयात गाईम्हशींचं कृत्रिम रेतन शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका संस्थेनं आपलं वराहपालन केंद्र माझ्या हाती दिलं. वर्ष संपत आलं होतं. पिलू एकही नाही.

धुरपाबाई गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. शाळेत कधी गेली नव्हती. ऐन तारुण्यात नवऱ्यानं तिला वांझ म्हणून माहेरी आणून सोडलं. पुढं त्यानं आणखी दोन लग्नं केली. पाळणा हलला नाही. तरी गावात वांझ म्हणायचे ते हिलाच. आता ती घरोघर जाऊन डुकरिणींना रेतन करायची, आणि तिच्या हातची मादी बहुधा पहिल्याच वेळी गाभण राहायची.

तिचं नाव कानावर आल्यावरही तिला आणायला जायला मला चार महिने लागले. लाज वाटत होती... किंवा गर्व असेल. आता या वयात फरक सांगता येत नाही.

“मावशी, तुम्ही रेतनाचं बी कुठून आणता?” मी विचारलं.

“तुमचं येतंय तिथनंच. एकाच गाडीनं, एकाच खोक्यातनं.”

“तेच म्हणतो मी. बी एकच. म्हणजे दोष माद्यांचाच असणार.”

तिनं माझ्याकडं बघितलं. 

“लई शिकलाय तुमी,” ती म्हणाली.

मग ती मादीजवळ गेली. मागून नाही, बाजूनं. तिची कूस खाजवली, काहीतरी पुटपुटली आणि दोन्ही हात पाठीवर ठेवून भार दिला. मादी हलली नाही. कान टवकारून खांबासारखी उभी राहिली.

“माजावर हाय,” धुरपाबाई म्हणाली. “हिला काय झालंय?”

“तीन वेळा भरवली. तिन्ही वेळा उलटली, गाभ राहिला नाही. एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर.”

“तपासली?”

“प्रत्येकीला तपासलं. रक्त, लघवी, गर्भाशय. खाणं बदललं, इंजेक्शनं दिली.”

“आणि त्याला?”

“कुणाला?”

“बाटलीतल्याला.”

“त्याच्यासोबत प्रयोगशाळेचा कागद येतो, मावशी.”

“व्हय. त्याच्याजवळ कागद असतोय.”

मला तेव्हा तो टोमणा वाटला नाही.

“बाटल्या कुठं ठेवता?” तिनं विचारलं.

हे विचारलं याचा मला आनंद झाला. तिला ऑफिसात नेलं. फ्रिज उघडून आतला तापमापक दाखवला. चार अंश. दिवसातून दोनदा मी तो स्वतः बघत असे. वळूचं बी बर्फाहून कितीतरी थंड द्रवात वर्षानुवर्षं टिकतं, हे मी हजारभर विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. जितकं थंड तितकं सुरक्षित. डुकराचं वेगळं असेल, हे मनात आलं नाही. पुस्तक कपाटात होतं. उघडलं नाही.

तिनं एक बाटली उचलली आणि गालाला लावली. लगेच बाजूला केली.

“ह्यात ताक ठेवा,” ती म्हणाली. “बरं ऱ्हाईल.”

“म्हणजे?”

उत्तर न देता तिनं बाटली माझ्या हातात दिली.

“मूठ मिटा.”

मी मिटली. गारवा हाडापर्यंत गेला. ती खाली बसली, कमरेची चंची सोडली, पान लावलं. मी निवृत्त प्राध्यापक, बाटली मुठीत धरून तिच्यासमोर उभा होतो.

पान खाऊन झालं.

“ऊब आली का?”

“आली.”

“मग उठवा त्यांना.”

टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. वर्षभर त्यानं माद्यांचंच सगळं बघितलं होतं. मी काचपट्टी कोमट केली, एक थेंब ठेवला, डोळा लावला.

लाखो शुक्राणू होते. एकही हलत नव्हता.

दुसरी बाटली उघडली. तिसरी...

“तुम्ही कुठं ठेवता?” मी डोळा न काढताच विचारलं.

“माठाच्या शेजारी, वल्ल्या वाळूत. माठातल्या पाण्याइतकं गार. त्याच्याखाली न्हाई. आन् सकाळ-संध्याकाळ बाटली हळूच उलटी करायची.”

“हे कुणी शिकवलं?”

“आदी बाटलीतलं मेलं. मग कळलं.”

“पण तुम्ही... पहिल्यांदा बी मेलं तेव्हा मादीलाच दोष दिला असेल ना?”

ती उठली. पदर सारखा केला.

“मी कशी देईन, डाक्टर?”

मी मान वर केली नाही.

बाहेर फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं हाक मारली, “किती हायत, सायेब?”

“एकही नाही,” मी म्हणालो. त्यानं दोनदा विचारलं. मग गेला.

त्या दिवशीच्या गाडीनं आलेली एक बाटली धुरपाबाईच्या पिशवीत होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. त्यातल्या बीनं तिनं मादी भरवली. घाई केली नाही. पूर्ण वेळ एक हात तिच्या पाठीवर, बरोबर त्या फुलीवर होता. मादी डोळे मिटून उभी राहिली.

झाल्यावर मी बादली आणली. चिंधी भिजवून फुली घासू लागलो. साबण लावला. जांभळा रंग फिका व्हायच्या ऐवजी पसरत गेला. चिंधी जांभळी झाली, पाणी जांभळं झालं.

अकरा पाठी मला आठवत होत्या. प्रत्येक फुली मीच मारलेली, सरळ, दोन रेघांची.

“मावशी,” मी म्हणालो, “डाग जाईल ना?”

धुरपाबाई पिशवी काखोटीला मारून निघाली होती. फाटकापाशी थांबली. आधी मादीकडं बघितलं, मग माझ्या बोटांकडं...

“हिचा जाईल,” ती म्हणाली.