तळ्याची सून माहेरी जाते

एका राज्यात एक तळं होतं, आणि त्या तळ्यात एक वाम होती, सापासारखा लांब मासा. लांबी सात हात, अंग काळंशार आणि वाणी माणसाची. समुद्रात जन्मून, नदी चढून ती इथवर आली होती, म्हणून लोक तिला तळ्याची सून म्हणत. रोज सकाळी राजानं पहिला घास तिला हातानं भरवायचा आणि मगच आपण जेवायचं, अशी तिथली रीत होती.

राजा हेमांगदाचा तिच्यावर जीव होता. इतका, की त्यापायी अक्कल गहाण पडली.

एके सकाळी वाम वर आली, तेव्हा तिच्या पोटावर चांदी चढली होती आणि डोळे दुप्पट मोठे झाले होते.

"राजा, माझे दिवस भरत आले. मला माहेरी जाऊ दे, समुद्राकडे."

"इथं काय कमी आहे तुला?"

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतं."

राजानं मांत्रिकाकडून तिला तळ्यात बांधून ठेवणारं सोन्याचं कडं घडवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घास भरवता भरवता तिच्या गळ्यात सरकवलं. तळ्याच्या नदीकडच्या तोंडाला दगडी बांध घातला. वाम एवढंच म्हणाली, "माझी वाट अडवलीस. आता ती कुणाच्याच लेकीला सापडणार नाही."

तसंच झालं. लेकीबाळींच्या डोल्या वेशीपर्यंत येत, तिथल्या वडाला वळसा घालत, आणि पडदा उघडावा तर समोर सासरचंच दार!

राजाची एकुलती लेक इरावती आठव्या महिन्यात डोलीत बसली. सात वेळा निघाली, सात वेळा परतली. शेवटी तिच्या अंगणातला खंड्या पक्षी निरोप घेऊन उडत आला.

"महाराज, ताईसाहेब म्हणतात, आई मला जन्म देताना गेली. आबा, मला भीती वाटते. तुमच्याजवळ यायचंय."

राजा खंड्याला म्हणाला, "उपाय सांग."

"तीन कामं आहेत. आपल्या हातानं कडं काढा. आपल्या हातानं बांध फोडा. आणि निरोप देताना वामीला 'ये' म्हणू नका."

"एवढंच?"

"शेवटचं जमतंय का पाहा."

राजानं कडं काढलं. बांध फोडताना नखं निघाली, तरी कुणाला हात लावू दिला नाही. पण बांधामुळे नदीचं पाणी तुटून तळं आटलं होतं. नदीपर्यंत नुसतं दवानं भिजलेलं गवत. वाम त्या गवतावरून सरपटत निघाली. आणि काय सांगावं! विहिरींतून, चिखलातून, पाटांतून शेकडो वामी वर आल्या आणि चांदीची पोटं घासत तिच्यामागे चालू लागल्या. अख्ख्या नगरीनं हात जोडले.

नदीच्या काठी ती वळली. जाणाऱ्याला 'जा' म्हणणं आपल्याकडे अभद्र. 'ये हं' हेच ओठांवर येतं. राजाच्याही आलं. त्यानं जीभ चावली, रक्त आलं.

"जा, बाई. सुखानं जा."

"जाते," वाम म्हणाली. 'येते' म्हणाली नाही. राजा लहान पोरासारखा रडला.

त्याच दुपारी इरावतीची डोली वड ओलांडून आत आली. तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

वाम परतली नाही. तळं पुन्हा भरलं, आणि राजा मात्र रोज घास घेऊन त्याच्या पायरीवर बसे. तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्याच्या बोटांना काहीतरी लुचलं. पाण्यात दोऱ्याएवढी, काचेसारखी आरपार पिल्लं होती, हजारो, समुद्रापासून नदी चढून आलेली.

राजानं नातीला हाक मारली आणि घास तिच्या हातात दिला.

"तू भरव," तो म्हणाला. "आणि मोठी झाली की जाऊ दे हं त्यांना."