रानकोंबड्याचा परवाना

गोजरा अंगण सारवत होती. हात शेणात, डोक्यात दुपारच्या कालवणाचा विचार. तेवढ्यात शेजारीण धापा टाकत आली.

"गोजरे, तुझ्या बाला शिपायांनी नेलं! रानकोंबडा धरला म्हणे, बिनपरवान्याचा!"

हात न धुताच गोजरा राजवाड्यावर पोचली. खांबाशी तिचा बा, मसू फासेवाला, मान खाली घालून उभा. समोर उधोजीराजे आपल्या नव्या नियमांवर खूश होऊन मिशीला पीळ देत बसलेले.

"महाराज, मग परवाना द्या की!" गोजरा म्हणाली.

कारभाऱ्यांनी कागद उलगडला. "सोपं आहे. आधी जिवंत कोंबडा महाराजांपुढं आणायचा. तुरा चार बोटं भरला, की परवाना!"

"आणि आणायचा कसा?"

"परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. फास नाही, जाळं नाही, दाणे टाकणं नाही."

"म्हणजे त्यानंच पायी चालत यायचं?"

"त्याची मर्जी!" राजे म्हणाले. "उद्या सकाळी आमच्या बागेत आण. आला, तर बाप सुटला. नाहीतर वर्षभर आमचा हत्तीखाना झाडेल!"

"आणते! फक्त महाराज, तुम्ही लाल पगडी घालून रानाकडच्या कट्ट्यावर बसायचं. अन् अजिबात हलायचं नाही."

सकाळी राजे कट्ट्यावर बसले. गोजरा कण्हेरीआड दडली, ओंजळ तोंडाशी धरली आणि हुबेहूब रानकोंबड्यासारखी आरवली. रानातून चिडून उत्तर आलं. ती पुन्हा आरवली, जरा जास्तच तोऱ्यात.

झुडपं सळसळली. मान फुगवून कोंबडा सुसाट आला, तो थेट राजांच्या मांडीवर, आणि मांडीवरून पगडीवर!

"अरे! अरे! कारभारी, टोचतोय!"

कारभारी धावले.

"हात लावू नका!" गोजरा ओरडली. "परवाना आहे का तुमच्याकडं?"

कारभाऱ्यांनी पुढं केलेला हात मुकाट मागं घेतला. पगडीचा शेवटचा वेढा सुटला, तेव्हा कुठं कोंबडा ऐटीत रानात परतला.

"हा मेला आला तरी कशाला?" राजे टक्कल चोळत म्हणाले.

"त्याच्या रानाच्या कडेला लाल डोक्याचा कोण आरवतोय, ते बघायला, महाराज. तुमचा परवाना मागत होता!"

राजे असे हसले, की कट्ट्यावरून घसरलेच! मसू तिथल्या तिथं सुटला, नियमांचा कागद फाटला आणि गोजराच्या दारात दुभती म्हैस आली.

कोंबड्याचा तुरा मोजायचा मात्र राहूनच गेला.