बकुळपरीचा सरकलेला पंख

पोरांनो, डोंगराच्या कुशीत सोनवळ नावाचं गाव होतं आणि तिथल्या बाजारात माझं आरशा-चौकटींचं छोटंसं दुकान होतं. ही गोष्ट निम्मी मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. उरलेली मला शेवंतीने सांगितली, आणि ती खोटं बोलत नसे.

शेवंती आठ वर्षांची, भिकाजी चिताऱ्याची लेक. चितारी म्हणजे चित्रं काढणारा. तेव्हा गावात साबणाचा कारखाना होता. साबण शिजायचा त्या दिवशी गल्लीगल्लीतून चंदनाचा वास हिंडायचा, आणि आम्ही दुकानदार उगाचच एकमेकांशी गोड बोलायचो. साबणाच्या कागदावरची झोक्यातली राणी, चहाच्या खोक्यावरची सोनेरी हरिणी, आगपेटीवरचा इवलासा नावाडी, सगळे भिकाजीच्या कुंचल्यातून उतरलेले. मग कारखाना बंद पडला, पाठोपाठ छापखाना. माल चकचकीत पिशव्यांतून येऊ लागला आणि भिकाजीने कुंचले माळ्यावर टाकले.

"लोकांनी फाडून फेकायची चित्रं काढली मी," असं एकदा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच.

आई दुसऱ्यांकडे पापड लाटायला जाई. चूल कधी पेटे, कधी नाही. पण शेवंतीला भुकेपेक्षा बाबांच्या पाठीचं वाईट वाटे. दिवसभर तिला ती पाठच दिसायची.

एका थंडीत भिंतीला भोक पडलं. गार वारा आत शिरू लागला, म्हणून शेवंतीने चहाचं जुनं खोकं उलगडून त्यावर चिकटवलं. सकाळी कोवळं ऊन आलं आणि हरिणी लखलखली. बाबांनी मान वळवली, अगदी तिळाएवढी. पण शेवंतीने ते पाहिलं.

तशी ती आणखी खोकी शोधायला कारखान्यामागच्या बागेत गेली. तिथे बकुळीखाली फुलांचा नाजुकसा सडा पडला होता आणि त्यात पावडरीचा एक गंजका डबा होता. तिने तो फ्रॉकच्या टोकाने पुसला. आतून गुलाबी, केशरी, सोनेरी ठिणग्या उडाल्या आणि अंगठ्याएवढी चिमुकली परी बाहेर आली. केस मधाच्या रंगाचे, झगा बकुळफुलांचा. पण उडताना ती डावीकडे कलायची आणि गोल गोल फिरत राहायची.

"अशी का गं उडतेस?"

"छापताना माझ्या पंखाचा सोनेरी रंग रेषेबाहेर सरकला, बाळ. तुझ्या बाबांनी नीटच काढला होता. आम्हा डब्यावरच्यांना जसं छापलं तसंच राहावं लागतं." परी तिच्या तळहातावर टेकली. "तुला तीन मागणी मागता येतील. आठवड्यातून एकच, बाजाराच्या दिवशी सूर्य टेकताना. मी नवं काही बनवत नाही, जुन्यालाच उजळवते. चित्र पाहून कुणाला आपलं घर आठवलं आणि त्याने ते मागितलं, तर नाही म्हणायचं नाही आणि मोलही सांगायचं नाही. आणि हा डबा ज्याच्या हाती, त्याचीच मी."

पहिल्या बाजारी शेवंतीने जुन्या खोक्यांचे रंग परत मागितले. बागेत पडलेले सारे डबे, कागद, खोकी मोरपिसासारखी झळाळली. दुसऱ्या बाजारी मोडक्या साबणपेट्यांच्या फळ्या मागितल्या. त्यांच्या गुळगुळीत, पिटुकल्या चौकटी झाल्या. तिसरं मागणं तिने मनात जपून ठेवलं. बाबांची पाठ वळू दे.

तिने खोकी शिवणीवर अलगद कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली, चौकटीत बसवली. परीचा डबा मात्र कापला नाही. एका खोल चौकटीत अख्खाच ठेवला.

तिसऱ्या बाजारी ती माझ्या समोर येऊन बसली. इतक्या चौकटींचं ओझं एकटीला उचलेना म्हणून बाबांना सोबत आणलं होतं. भिकाजी बाजारातही लोकांकडे पाठ करून बसला.

मी मनात म्हटलं, रिकामी खोकी कोण घेतंय? पण न्हावी थबकला. "अरे, हा नावाडी. आमचे तात्या याच पेटीने कंदील लावायचे." शाळामास्तर हरिणीपुढे उभे राहिले ते घंटा विसरले. जन्मभर धंदा करून मला त्या दिवशी कळलं, गिऱ्हाईक चित्र बघत नव्हतं, आपलं लहानपण बघत होतं. ज्याला जे वाटलं ते त्याने तिच्या टोपलीत ठेवलं.

सूर्य डोंगरापासून हातभर उरला, तेव्हा घाटावरच्या साळूबाई आल्या. एरवी कुठे न थांबणारी बाई, पण डब्यापुढे खालीच बसली.

"हा आमच्या इंदूचा. म्हणजे तसलाच. पावडर संपली तरी उशाशी घ्यायची माझी बहीण. बकुळीची फुलं भरायची त्यात. ती गेली, डबाही कुठे गेला कळलं नाही." त्यांनी वाकड्या पंखावरून बोट फिरवलं. "इंदू म्हणायची, परी कुशीवर निजलीय. देशील का गं, पोरी? माझी गाडी सुटायला आलीय."

शेवंतीचे डोळे भरले. मला परीचं काही ठाऊक नव्हतं, पण पोरीचा जीव त्या डब्यात आहे हे दिसत होतं. मी व्यापारीच. हळूच म्हटलं, "नाही म्हण. विकायचा नाही म्हणून सांग."

"तसं नाही सांगता येत, काका," ती म्हणाली. तिने सूर्याकडे पाहिलं, बाबांच्या पाठीकडे पाहिलं, आणि डबा साळूबाईंच्या हातात दिला.

"दाखवा पाहू," मागून आवाज आला. भिकाजी वळला होता. डबा डोळ्यांजवळ धरून तो पुटपुटला, "सोनेरी सरकलाय. छापखान्यात मी तेव्हाच भांडलो होतो. शेवंते, माळ्यावरून माझा बारीक कुंचला आण."

साळूबाईंनी डबा छातीशी ओढला. "हात लावू नका हो. पंख नीट केलात तर माझी इंदू मला कशी सापडेल?"

"मला वाटलं, लोकांनी फेकून दिली असेल."

"फेकतंय कोण? उशाशी घेऊन निजायचो आम्ही."

भिकाजीने त्या वाकड्या पंखाकडे पाहिलं. मग हसला. गावाने ते हसू चार वर्षांनी ऐकलं. "बरं, हिला राहू द्या अशीच. मी माझ्या लेकीला सरळ पंखांची काढून देतो." माझ्या दुकानातला पुठ्ठा आणि कोळशाचा तुकडा घेऊन तो तिथेच बसला.

दुसरा पंख पुरा झाला आणि सूर्य डोंगराला टेकला. साळूबाईंच्या हातातून सोनेरी उजेड उसळला. शेवंती म्हणते, परी त्यातून निघाली, शेवंतीच्याच गालाला टेकली आणि पहिल्यांदाच न कलता, बाणासारखी सरळ वर गेली. चमचमत, बारीक होत, उजेडातच विरली. मला फक्त उजेड दिसला, आणि माझ्या सगळ्या आरशांत बकुळीचा वास भरला.

शेवंतीच्या घरी आता रोज चूल पेटते. भिंतीचं भोकही बुजवलं. पण हरिणी कुणी काढली नाही. भिकाजी तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, चित्रं काढत बसतो.