हणमंताचा शोध

माणदेशातल्या एका गावात वैजू नावाची एक मुलगी होती. तिचा बाप हणमंत बोअरवेलच्या गाडीवर कामाला होता. वैजू तान्ही असताना तो गाडीबरोबर गेला, तो परत आलाच नाही. पुढे वैजू सतरा वर्षांची असताना आईही आजारात गेली, आणि शेजारच्या सोनाकाकूंनी पोरीला सांभाळलं.

हे कळताच हणमंताची धाकटी बहीण इंदुमती ऑस्ट्रेलियाहून धावत आली. भाचीला आपल्याकडे न्यायचं तिने ठरवलं. पण व्हिसासाठी मुलीला आईबापाचा आधार उरलेला नाही, हे पुराव्यानिशी दाखवायला हवं होतं. आईच्या मृत्यूचा दाखला होता. बापाचं काय?

तालुक्याला एक एजंट भेटला. म्हणाला, "ताई, भावाचाही दाखला करून देतो की. इतक्या वर्षांत आला नाही तो मेल्यातच जमा."

वैजूला अठरा वर्षं पूर्ण व्हायला थोडाच अवकाश होता. त्यानंतर हा मार्गच बंद होणार होता. इंदुमतीच्या तोंडावर 'हो' आलंही. तेवढ्यात तिला शाळेची वाट आठवली. उन्हाळ्यात फुफाट्याने पाय पोळायचे. हणमंत आपल्या वहाणा तिला घालायला द्यायचा आणि स्वतः बाभळींच्या सावल्या धरत उड्या मारत चालायचा. वर हसायचा.

"नको," ती म्हणाली. "भाऊ हरवलाय. त्याला मी माझ्या तोंडाने मारणार नाही."

तिने पोलिसांत तक्रार दिली आणि वैजूला घेऊन, गाडी जिथे जिथे गेली होती ती गावं पालथी घातली. एका वस्तीवर एक म्हातारी म्हणाली, "हणमंता व्हय? आमच्या बोअरला पाणी लागलं, तवा पहिली कळशी त्यानं ह्या लिंबाला घातली." फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "लेकीचं कौतुक सांगून कान किटवायचा. पुढं गाडी कर्नाटकात गेली, आन् काय कळलंच न्हाई."

बापाचं नाव काढलं की तोंड फिरवणारी वैजू त्या दिवशी हळूच म्हणाली, "आत्या, बाबा हसायचे कसे?" इंदुमती हसून दाखवायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

पोलिसांचा अहवाल आणि गावोगावच्या माणसांचे जबाब घेऊन तिने अर्ज केला. अधिकाऱ्याने विचारलं, "वडील हयात आहेत?"

"माहीत नाही, साहेब. शोधलं. अजून शोधतेय."

बापाचा ठावठिकाणा लागत नाही, हे ग्राह्य धरलं गेलं आणि वैजूला व्हिसा मिळाला.

निघताना वैजू सोनाकाकूंच्या पाया पडली. म्हणाली, "काकू, बाबा आले तर त्यांना म्हणावं, मी आत्याकडे आहे."

तात्पर्य: आपल्या सोयीसाठी आपल्या माणसाला मेलेला ठरवू नये. खऱ्याची वाट लांबची असते, पण हरवलेल्यांची खूण तिच्यावरच सापडते.